सरकारचें कर्ज आणि अर्धवट विहीर

कर्ज काढणें हें सर्वथा निंद्य आहे, असें आमचें मत नाहीं. शेतीचा धंदा कर्जावांचून चालत नाहीं. बैल, बियाणें, विहीर यांस पैसा आधीं लागतो व उत्पन्न मागाहून येतें. पाहावयाचें तें इतकेंच कीं, कर्ज कोणत्या कामास लागलें आणि त्या कामांतून व्याज भागेल इतकी प्राप्ति झाली कीं नाहीं. विहिरीस पाणी लागलें, तर देणें फिटतें आणि विहीर मुलांबाळांस राहते. ती अर्धवट राहिली, तर खड्डा शेतांत राहतो व व्याज घरांत येतें. हाच साधा नियम महाराष्ट्र सरकारच्या कर्जास लावून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शेतकऱ्यास काटकसरीचा उपदेश करण्याची चाल फार जुनी आहे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हां कुणबी लग्नकार्यांत पैसा उधळतो म्हणून बुडतो, असें पुष्कळांचें म्हणणें होतें. दंग्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनानें मात्र, कर्जाचें कारण म्हणून लग्नखर्चास फाजील महत्त्व दिलें गेलें आहे, असाच अभिप्राय दिला. उधळपट्टीचा आरोप करावयाचा तर आधीं हिशेब पाहावा, हा त्यांतला बोध आहे. सरकारसंबंधीं बोलतांनाही आम्ही तोच पाळतों. म्हणून पुढील आंकडे सरकारच्या व सरकारी हिशेबतपासनिसांच्या कागदांतलेच घेतले आहेत.

२०१४-१५ च्या अखेरीस राज्यावर सुमारें ३ लक्ष कोटि रुपये कर्ज होतें. मार्च २०२५ मध्यें मांडलेल्या अर्थसंकल्पांत तें २०२५-२६ च्या अखेरीस सुमारें ९ लक्ष ३२ हजार कोटि होईल, असा अंदाज दिलेला आहे. अकरा वर्षांत तिप्पट! त्या एका वर्षाच्या व्याजाचाच अंदाज ६० हजार कोटींच्या वर आहे. शिवाय त्याच अर्थसंकल्पांत महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखविली आहे. महसुली तूट म्हणजे पगार, व्याज, अनुदानें इत्यादि चालू खर्चास चालू उत्पन्न न पुरणें; म्हणजेच घरखर्चासाठीं कर्ज काढणें.

यावर सरकारचें उत्तर असें कीं, राज्याच्या एकंदर वार्षिक उत्पादनाशीं ताडून पाहतां हें कर्ज शेंकडा २० च्या आंतच आहे व ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेलें नाहीं. हें खरें आहे. परंतु सावकार जमीन पाहून कर्ज देतो. फेड मात्र पिकांतूनच करावी लागते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आतां विहिरीकडे वळूं. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यानें महाराष्ट्राच्या वांट्यास ५६० अब्ज घनफूट पाणी आलें होतें आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊं शकत होता. तत्पूर्वीं आपल्या वांट्याचें पाणी अडविलें पाहिजे, या घाईनें १९९६ सालीं महाराष्ट्र कृष्णा खोरें विकास महामंडळ स्थापन झालें. पाठोपाठ १९९७ व १९९८ सालीं विदर्भ, तापी, कोंकण व गोदावरी-मराठवाडा यांसाठीं तशींच महामंडळें निघालीं. कृष्णा महामंडळानें रोखे विकून बाजारांतून कर्ज उभें केलें व सरकार त्यास जामीन राहिलें. हेतु चांगला होता. पण जामीन राहणाऱ्यास अखेर काय भोगावें लागतें, हें प्रत्येक गांवांत ठाऊक आहे. त्या रोख्यांचा बोजा शेवटीं राज्याच्या तिजोरीवरच आला.

पैसा हातीं आला, तशीं कामेंही चहूंकडे सुरू झालीं. पुरीं मात्र थोडींच झालीं. भारताच्या महालेखापरीक्षकांनीं २०१४ सालच्या अहवालांत दाखविलें कीं, राज्यांत सुमारें ६०० पाटबंधारे प्रकल्प एकाच वेळीं चालू होते व ते पुरे करण्यास आणखी ८० हजार कोटींवर रुपये लागणार होते. तेव्हांच्या वार्षिक तरतुदीच्या मानानें हें काम दहा वर्षांतही उरकणारें नव्हतें. एका शेतकऱ्यानें एक विहीर खोल नेण्याऐवजीं दहा ठिकाणीं हात-हातभर खणावें, तशांतला हा प्रकार झाला.

वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचें उदाहरण घ्या. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता व नागपूर, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारें अडीच लक्ष हेक्टर जमीन भिजावयाची होती. २०१६ सालीं मान्य झालेला सुधारित खर्च १८,४९४ कोटि, म्हणजे मूळच्या सुमारें ५० पट! महागाई वाढली, भूसंपादनाचा मोबदला वाढला, हीं कारणें आम्हांस मान्य आहेत. ज्यांची जमीन बुडाली त्यांस मोबदला अधिक मिळाला, याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु काम रेंगाळलें म्हणूनच महागाई गांठूं शकली, हेंही तितकेंच खरें आहे. धरणांत पाणी दिसतें, पण कालवा, वितरिका व शेतचारी पुरी नसल्यामुळें तें शेतांत येत नाहीं, अशा स्थितींत शेतकऱ्यांच्या दोन पिढ्या गेल्या.

एवढ्या खर्चाचें फळ काय, हें विचारावें तर हिशेबच जुळत नाहीं. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणींत, २०००-०१ सालीं शेंकडा १७.८ असलेलें सिंचनाचें प्रमाण २००९-१० सालीं १७.९ झालें, असें छापलें गेलें. दहा वर्षांत एक-दशांश टक्का! त्यावर गदारोळ झाला, तेव्हां नोव्हेंबर २०१२ मध्यें सरकारनें श्वेतपत्रिका काढून वाढ याहून पुष्कळच जास्त असल्याचें दाखविलें. खरा आंकडा कोणता, हा वाद येथें नको. ज्याच्या घरच्या दोन वह्या एकमेकींशीं जुळत नाहींत, त्यास कोणती सोसायटी नवें कर्ज देईल?

या बाबतींत आमच्या शेतकरी बंधूंसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. प्रत्येक तालुक्यास नवा प्रकल्प हवा, प्रत्येक निवडणुकींत नवें नारळ फुटावें, ही मागणी आपल्याच सभांतून होते. २०२४ सालीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत वीज जाहीर झाली. तिचा वार्षिक भार सुमारें १४,७६० कोटींचा सांगितला गेला. त्या सवलतीनें अडलेल्या माणसाचा कांहीं काळ निभाव लागतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्याच्या विहिरीस फेब्रुवारींतच तळ दिसतो, त्यास फुकट विजेचा उपयोग किती? कालवा पुरा झाला, तर विहिरीसही पाझर फुटतो.

म्हणून आमचें मागणें थोडकें आहे. ज्या धरणांच्या भिंती उभ्या आहेत, त्यांच्या शेतचाऱ्या पुऱ्या होईपर्यंत नव्या पायाभरण्या बंद ठेवाव्या. प्रत्येक प्रकल्पाचा मूळ अंदाज, झालेला खर्च व प्रत्यक्ष भिजलेलें क्षेत्र हे तीन आंकडे लाभक्षेत्रांतील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर दरवर्षीं लावावे. महसुली तूट नाहींशी करण्याचा जो कायदा राज्यानें स्वतःच २००५ सालीं केला, तो सरकारनें पाळावा. आणि आपणही पाणीवापर संस्था नीट चालवून, मिळालेल्या पाण्याची पट्टी वेळेवर भरावी. तरच जाब विचारण्याचा आपला अधिकार शाबूत राहील.

राज्याचें कर्ज कोणा मंत्र्याच्या सातबाऱ्यावर चढत नाहीं. तें आज शाळेंत जाणाऱ्या मुलांच्या नांवावर चढत आहे. त्या मुलांस व्याजाबरोबर पाणीही मिळावें, एवढी तजवीज आजच्या कारभाऱ्यांकडून करवून घेणें हें आपलें काम आहे.