घरातील विद्युत उपकरणे आणि सर्जरोधक

तापीच्या काठी वसलेल्या सुरत शहरात जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे कापड उद्योगातील रोजगारानिमित्त स्थायिक झाली आहेत. लिंबायत, उधना या भागांत मराठी सर्रास कानी पडते. यंत्रमागावर राबून साठविलेल्या पैशातून अशा घरांत दूरचित्रवाणी संच, फ्रिज, संगणक येतात. पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या संध्याकाळी गडगडाट होतो, दिवे क्षणभर लखलखतात आणि हप्त्यावर घेतलेला संच कायमचा बंद पडतो. ही हानी बव्हंशी टाळता येते. त्यासाठी संपूर्ण घराला एकत्रित संरक्षण देणारा सर्जरोधक उपयोगी पडतो. मात्र त्याची निवड व जोडणी योग्य असली पाहिजे.

लाट कशी येते?

घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. वाहिनीवर किंवा तिच्या आसपास आकाशातील वीज कोसळल्यास, अथवा वाहिनीवरील मोठा भार एकाएकी जोडला वा तोडला गेल्यास, तारेतून काही हजार व्होल्टची लाट घरात शिरते. तिलाच सर्ज म्हणतात. तिचा काळ सेकंदाच्या दहालक्षांश भागांत मोजावा लागतो. फ्यूज, एम.सी.बी. किंवा स्टॅबिलायझर इतक्या त्वरेने काम करू शकत नाहीत.

सर्जरोधकात सामान्यतः झिंक ऑक्साइडची चकती असते. नेहमीच्या दाबाला ती वीज अडवून धरते. दाब फार वाढताच ती लाटेला जमिनीकडे वाट करून देते व पुन्हा पूर्ववत होते. धरणाच्या सांडव्यासारखेच हे कार्य आहे. परंतु सांडव्याखालचे पात्र मोकळे नसेल तर पाणी गावात शिरते. सर्जरोधकाच्या बाबतीत हे पात्र म्हणजे अर्थिंग होय. अर्थिंग सदोष असल्यास महागडा सर्जरोधकही पुरेसे रक्षण करू शकत नाही.

निवड

इमारतीवर तडितरक्षक बसविलेला असल्यास ‘टाइप १’ अथवा ‘टाइप १ + २’ प्रकारचा, आणि इतर घरांसाठी सामान्यतः ‘टाइप २’ प्रकारचा सर्जरोधक घ्यावा. खरेदी करताना आय.ई.सी. ६१६४३-११ या मानकाचा उल्लेख आहे की नाही ते पाहावे. त्याला अखंड सोसता येणारा दाब किमान २७५ व्होल्ट असावा. जेथे पुरवठ्याचा दाब वारंवार वाढतो तेथे ३२० व्होल्टचा घेणे बरे. लाटेच्या वेळी शिल्लक राहणारा दाब १,५०० व्होल्टपेक्षा अधिक नसावा. कारण सर्वसाधारण घरगुती उपकरणे सुमारे २,५०० व्होल्टपर्यंतचीच लाट सोसतील अशी बनविलेली असतात.

जोडणी

सर्जरोधक मुख्य बोर्डावर, मेन स्विचच्या लगत बसवावा. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. जोडतारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरपेक्षा अधिक नसावी व त्यांना वेटोळे देऊ नयेत. दर मीटर तारेमागे लाटेच्या वेळी सुमारे हजार व्होल्टची भर पडू शकते. ‘टाइप २’साठी अर्थची तांब्याची तार किमान ६ चौरस मिलिमीटरची असावी. घरातील सर्व अर्थिंग एकमेकांस जोडलेले असावे आणि त्याचा रोध मोजून घ्यावा. न्यूट्रलच्या तारेचा अर्थिंग म्हणून कधीही वापर करू नये. मुख्य बोर्डापासून दहा मीटरहून दूर असलेल्या नाजूक उपकरणाजवळ ‘टाइप ३’चा आणखी एक सर्जरोधक लावणे इष्ट असते.

मर्यादा व देखभाल

सर्जरोधक हा सर्व संकटांवरील उपाय नव्हे. वाहिनीतील न्यूट्रल तुटल्यास घरातील दाब ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊन तसाच टिकून राहू शकतो. अशा वेळी सर्जरोधक स्वतःच तापून निकामी होतो. म्हणून त्याच्यासोबत निर्मात्याने सांगितलेला फ्यूज किंवा एम.सी.बी. आणि दाब वाढताच पुरवठा तोडणारे स्वतंत्र उपकरण असावे. माणसाला बसणाऱ्या विजेच्या धक्क्यापासूनही तो संरक्षण देत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. आवश्यक आहे. वादळाची चिन्हे दिसताच, गडगडाट सुरू होण्यापूर्वीच, उपकरणांचे प्लग काढून ठेवणे केव्हाही हिताचे.

बहुतेक सर्जरोधकांवर एक लहान खिडकी असते. तीत हिरव्याऐवजी लाल रंग दिसल्यास आतील भाग त्वरित बदलावा. मे महिन्यात व प्रत्येक मोठ्या वादळानंतर ही पाहणी करावी. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुरात सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा सखल भागांत बोर्ड उंचावर असावा आणि पाण्यात बुडालेला बोर्ड तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नये.

सुरतेतील वस्त्यांना जे लागू आहे ते खानदेशातील खेड्यांनाही लागू आहे. किंबहुना उघड्यावरील लांबच लांब तारांमुळे तेथे धोका अधिक संभवतो. ग्रामपंचायत कार्यालय, शाळा व आरोग्य उपकेंद्र यांच्या अर्थिंगची तपासणी पावसाळ्यापूर्वी करून घेतल्यास गावापुढे चांगला पायंडा पडेल. शिक्षकांनी ही माहिती पालकसभेत समजावून दिल्यास ती घरोघरी पोहोचेल.