दहा छोट्या डिश आणि मोठं बिल: पाहुणा नेमके कशाचे पैसे देतो?



मावळात होमस्टे, शेतघर किंवा छोटं हॉटेल सुरू करायचं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना एक गोष्ट खटकते. मुंबई-पुण्याची मंडळी शनिवार-रविवारी लोणावळ्याला, कार्ल्याला, पवनेला जातात. हीच मंडळी शहरात एका जेवणाला माणशी काही हजार रुपये मोजतात, तेही दोन-दोन घासांच्या डिशसाठी. आणि आपण थाळी वीस रुपयांनी वाढवली की कुरकुर सुरू! असं का होतं? व्हिडिओत या विषयाला हात लावला होता, इथे सविस्तर बघू.

टेस्टिंग मेन्यू म्हणजे काय?

साध्या हॉटेलात तुम्ही कार्ड बघता, ऑर्डर देता. टेस्टिंग मेन्यूत कार्डच नसतं. आज काय, किती आणि कोणत्या क्रमाने खायचं हे शेफ ठरवतो. एकेक छोटी डिश येते आणि जेवण दोन-तीन तास चालतं.

आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे मुंबईतलं ‘मास्क’. महालक्ष्मीला जुन्या लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात अदिती दुगर आणि शेफ प्रतीक साधू यांनी ते २०१६ मध्ये सुरू केलं. २०२२ मध्ये साधू बाहेर पडले आणि स्वयंपाकघराची सूत्रं वरुण तोतलानी यांच्याकडे आली. २०२३ च्या ‘आशियातली ५० सर्वोत्तम रेस्टॉरंट्स’ यादीत मास्क सोळावं होतं आणि भारतातलं सर्वोत्तम ठरलं. तिथे पाहुण्यांना जेवणाच्या मध्ये स्वयंपाकघरात नेऊन तिथेच एक डिश देतात. आता विचार करा, याला जास्तीचा खर्च किती आला? जवळपास काहीच नाही. पण घरी गेल्यावर पाहुणा हेच आधी सांगतो: “आम्हाला आत किचनमध्ये नेलं होतं!”

मुद्दा लक्षात घ्या. इथे पाहुणा आपला निवडीचा हक्क सोडून देतो. “तुम्ही द्याल ते खातो” असं म्हणतो आणि वर जास्त पैसे देतो. म्हणजे तो विश्वास आगाऊ देतो. म्हणून त्याचं कौतुक आणि त्याची तक्रार, दोन्ही बहुतेक वेळा त्या विश्वासाचं तुम्ही काय केलंत याबद्दल असतात. हा विश्वास चार ठिकाणी टिकतो किंवा तुटतो.

१. येण्याआधी

चांगली टेस्टिंग मेन्यू रेस्टॉरंट्स बुकिंगच्या वेळीच विचारतात: शाकाहारी की मांसाहारी? कशाची ॲलर्जी? उपवास, जैन? किती वेळ लागेल आणि किती पैसे होतील हेही आधीच सांगतात. पाहुणा खुर्चीत बसल्यावर “मला शेंगदाणे चालत नाहीत” म्हणाला, तर चूक त्याची नाही; तुम्ही विचारलं नव्हतं. आपल्या भागात दर दुसऱ्या भाजीत कूट असतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी तर जास्तच महत्त्वाचा.

२. वाट बघताना

डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगेत थांबणाऱ्या माणसाच्या मनावर एक लेख लिहिला होता. त्यातल्या दोन गोष्टी पाठ करा. रिकामं बसलेल्याला वेळ मोठा वाटतो. कारण न सांगता थांबवलेल्याला तो आणखी मोठा वाटतो.

दहा डिश म्हणजे मध्ये नऊ वेळा थांबणं आलं. म्हणूनच तिथला वाढपी मध्ये येऊन पुढचा पदार्थ कुठून आला, कसा केला हे दोन वाक्यांत सांगतो. दोनच बरं का! पाहुणा एकमेकांशी बोलायला आलेला असतो, तुमचं व्याख्यान ऐकायला नाही. आणि उशीर होणार असेल तर आधी सांगा: “भाकरी तव्यावर आहे, पाच मिनिटं लागतील.” एवढ्यानेही माणूस शांत बसतो.

३. पोट

या जेवणाबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार काय? “एवढे पैसे देऊन उपाशी आलो, वाटेत वडापाव खाल्ला!”

२०२१ च्या डिसेंबरमध्ये एका अमेरिकन लेखिकेने इटलीतल्या एका मिशेलिन तारा मिळालेल्या रेस्टॉरंटबद्दल लिहिलं आणि तो लेख जगभर गाजला. सत्तावीस डिश झाल्या, त्यातली एक म्हणजे शेफच्या तोंडाच्या साच्यातून चाटायचा फेस, आणि तरी मंडळी भुकेलीच उठली. कल्पकता भरपूर होती, पण समोरच्याची भूक कोणी विचारात घेतली नव्हती.

छोट्या डिशमागे मुळात शहाणपण आहे. एकच चव खात राहिलं की तिची गोडी कमी होत जाते, चव बदलली की पुन्हा खावंसं वाटतं. लग्नाच्या पंगतीत पोट भरल्यावरही जिलेबीला जागा होते ना, तेच हे! पण त्याच पंगतीत शेवटी ताक-भातही असतो. म्हणून दहातल्या किमान दोन डिश पोटभरीच्या हव्यातच, आणि त्या मागितल्या तर पुन्हा वाढायची तयारी हवी.

४. शेवट

नोबेल मिळवणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा ६० सेकंद बोचऱ्या थंड पाण्यात हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त या वेळी पाणी किंचित कमी थंड. पुन्हा कोणतं करायला आवडेल असं विचारल्यावर जास्त जणांनी लांबलेला प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. अनुभवातला सगळ्यात ठळक क्षण आणि शेवट, यांवरून माणूस सगळ्याची आठवण ठरवतो.

आता आपल्याकडे शेवट कसा होतो? बिल उशिरा, सुट्टे नाहीत, यूपीआयला रेंज नाही! तीन तासांची मेहनत शेवटच्या दहा मिनिटांत पाण्यात.

न्यूयॉर्कमधल्या ‘इलेव्हन मॅडिसन पार्क’ची गोष्ट प्रसिद्ध आहे. “न्यूयॉर्क सोडतोय पण रस्त्यावरचा हॉट डॉग खायचा राहिला” असं पाहुणे आपापसात म्हणत होते. तिथले विल गिडारा यांनी ते ऐकलं, बाहेरून दोन डॉलरचा हॉट डॉग आणला आणि त्याचे तुकडे व्यवस्थित मांडून वाढले. पाहुण्यांना सगळ्या जेवणात तो हॉट डॉग जास्त भावला. ठळक क्षण महागच असतो असं नाही. त्यासाठी कान उघडे लागतात.

आता आपला हिशोब

शहर हवंच असंही नाही. प्रतीक साधू यांनीच २०२३ मध्ये हिमाचलात कसौलीजवळ डोंगरात ‘नार’ हे मोजक्या खुर्च्यांचं रेस्टॉरंट सुरू केलं. लोक घाट चढून तिथे जेवायला जातात.

आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे? इंद्रायणी तांदूळ वडगावच्याच भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत गेला. तुमच्या पाहुण्याला ही गोष्ट कोणी सांगितली आहे का? पावसाळ्यात भारंगी, टाकळा, करटोली मिळतात. शेवळं करताना काकडं घालावी लागतात, नाहीतर घसा खाजतो. या दोन वाक्यांची किंमत शहरातल्या माणसाला कळते. (रानभाजी मात्र ओळखणाऱ्या जाणत्या बाईकडूनच घ्या, अंदाजाने नको.) शेवटी लोणावळ्याची चिक्की, कागदात बांधून, वर पाहुण्याचं नाव लिहून.

समजा, एका पंगतीला १२ पाहुणे, सहा पदार्थ, माणशी ९०० रुपये. जमा १०,८०० रुपये. सामान ३,६००, दोन मदतनीस १,६००, गॅस-लाइट-धुणं ८००. खर्च ६,०००, हातात ४,८००.

आता चार जण आलेच नाहीत. जमा ७,२००. सामान आणलेलं आहे, माणसं बोलावलेली आहेत, म्हणून खर्च तोच ६,०००. हातात उरले १,२००! गिऱ्हाईक एक तृतीयांश कमी झालं, पण कमाई तीन चतुर्थांश गेली. ठरलेल्या जेवणाच्या धंद्याची खरी जोखीम हीच. म्हणून शिकागोच्या ‘नेक्स्ट’ रेस्टॉरंटने २०११ मध्ये सुरू होतानाच सिनेमासारखी आगाऊ तिकिटं विकली. तुम्हीही निदान अर्धे पैसे आधी घ्या आणि रद्द करण्याचा नियम बुकिंगच्याच मेसेजमध्ये स्पष्ट लिहा. पाहुण्याने विश्वास आगाऊ द्यायचा, तर थोडे पैसेही आगाऊ द्यायला हरकत नसते, फक्त त्याला आधी कळलं पाहिजे.

या आठवड्यात एवढंच करा

• सहा ओळखीच्या लोकांना जेवायला बोलवा. घरचे नकोत, ते खोटं कौतुक करतात.
• आधी चार प्रश्न विचारा: काय चालत नाही, ॲलर्जी, किती वाजता येणार, किती वेळ आहे.
• प्रत्येक पदार्थ किती मिनिटांनी आला ते वहीत लिहा.
• दोन दिवसांनी फोन करून एकच विचारा: “काय आठवतंय?”

पदार्थाचं नाव आठवलं तर चव जमली. एखादी गोष्ट, एखादा क्षण आठवला तर दर वाढवायला जागा आहे. आणि “उशीर झाला” हे आठवलं, तर खर्च करण्याआधी वेळेचं गणित बसवा. धंदा म्हणून पंगत सुरू करण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी मात्र करून घ्या, त्यात चालढकल नको.

तुमच्या सहा पाहुण्यांना काय आठवलं, ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये नक्की लिहा.