जुन्या संगणकास नवे काम

नाशिक जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाची नोंद असते. प्रत्यक्षात ते यंत्र कपाटामागे धूळ खात पडलेले असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण सुरक्षा-पाठिंबा थांबला. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षाविषयक सामग्री अनेक जुन्या यंत्रांत नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरविली जात आहेत. वस्तुतः त्यांतील कित्येक यंत्रे सुस्थितीत आहेत. त्यांच्याकडून हलके, पण उपयुक्त असे एक काम करून घेता येते. ते म्हणजे सर्व्हरचे.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांनी व मोबाइल फोनांनी मागितलेली माहिती साठ्यातून काढून देणारा संगणक. त्यासाठी यंत्र मोठेच असावे लागते असे नाही. १९९० साली युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिला वेब सर्व्हर चालविला, तो आपल्या मेजावरील संगणकावरच. कोणी तो चुकून बंद करू नये म्हणून त्यावर शाईने सूचना लिहिलेली चिठ्ठी चिकटविली होती.

बिनइंटरनेटचे ग्रंथालय

पेठ, सुरगाणा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत ही सोय विशेष मोलाची आहे. पावसाळ्यात जोडणी तुटली की वर्गातील धडा अडतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि किविक्स या मोफत प्रणालीद्वारे मिळणारी मराठी विकिपीडियाची प्रत तालुक्याच्या गावी एकदा उतरवून आणली व जुन्या संगणकात साठविली, की शाळेतील साध्या वायफाय राउटरवरून ती सर्व वर्गांना वाचता येते. तेथे इंटरनेटची गरजच उरत नाही. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने दूरच्या विद्यार्थ्यापर्यंत शिक्षण नेण्याचे व्रत घेतले. त्याच दिशेचे हे एक लहान पाऊल होय.

यंत्र निवडताना ते ६४ बिटांचे आहे ना, हे प्रथम पाहावे. डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या संगणकांवर नव्याने बसविता येत नाही. चार जीबी स्मृती या कामास पुरेशी होते. आतील धूळ काढावी, आणि घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी बदलावी. ती संपली की यंत्र तारीखच विसरते. लॅपटॉप असल्यास उत्तम, कारण वीज गेली तरी त्याची बॅटरी काही काळ तग धरते. मात्र फुगलेली बॅटरी क्षणभरही वापरू नये.

विजेचा हिशेब आधी मांडलेला बरा. अखंड ८० वॅट घेणारा जुना मोठा संगणक महिन्याला सुमारे ५८ युनिट खातो; १५ वॅटचा लॅपटॉप सुमारे ११. शाळेच्या वेळेपुरताच तो चालविला तर प्रश्न आणखी सोपा होतो.

भरवसा कशावर नसावा

जुनी हार्ड डिस्क पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. दाखले, जमाखर्च किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदी यांची एकमेव प्रत तीवर ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत असावी, आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे. हीच तपासणी बहुधा राहून जाते. लाभार्थ्यांचे आधार क्रमांक असलेल्या याद्या अशा सामायिक यंत्रावर ठेवूच नयेत, आणि यंत्र बाहेरील इंटरनेटला उघडे करू नये.

यंत्र शासकीय मालमत्ता असल्याने त्याचा वापर बदलताना सक्षम अधिकाऱ्याची संमती घेऊन नोंदवहीत तशी नोंद करावी. पुढे ते खरोखरच निकामी झाले, तर डिस्कवरील माहिती पुसून व निर्लेखन करून ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांचा रोख तोच आहे. भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलेल्या डिस्कमधील गावाची माहिती कोणाच्या हाती पडेल, हे सांगता येत नाही.