आल्प्सच्या सुट्टीचा बेत, लोणखेड्यातून

स्वित्झर्लंडला जायचं म्हटलं की आमच्या शहादा-लोणखेड्यात पहिला प्रश्न येतो, "कोणत्या टूरबरोबर?" प्रश्न साहजिक आहे. 1984 साली सुरू झालेली केसरी, 2013 साली आलेली वीणा वर्ल्ड अशा मराठी माणसांच्या कंपन्यांनी गावोगावच्या लोकांना युरोप दाखवला. परक्या मुलखात एकट्यानं फिरायची ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी खुशाल ग्रुपबरोबर जावं. पण मी भूगोल शिकवते आणि डोंगराळ प्रदेश कसा पाहावा याबद्दल माझं मत ठाम आहे. दहा-बारा दिवसांत पाच-सहा देश उरकायचे म्हटले की आल्प्सच्या वाट्याला दोन-तीन दिवस येतात आणि त्यातल्या एका दिवशी ढग आले की शिखर दिसायचं राहून जातं. डोंगरात जायचं तर एका खोऱ्यात मुक्काम टाकावा आणि तिथून रोज निघावं. आमच्या घरच्यांसाठी मी सुट्टी आखली ती याच हिशोबानं: मी, शेती करणारे आमचे हे, सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा.

सुरुवात तारखेपासून करावी लागते. आपली मे महिन्याची सुट्टी तिकडच्या डोंगराला फारशी सोयीची नाही. आपल्याकडे पारा 43 अंशांवर असतो, तेव्हा आल्प्समधल्या उंचावरच्या पायवाटा बर्फाखाली असतात. हिवाळी हंगाम संपलेला आणि उन्हाळी हंगाम सुरू व्हायचा असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये कित्येक रोपवे दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. दिवाळीच्या सुट्टीतही तीच गत, शिवाय सखल भागात धुकं. उंचावर पायी फिरायचं असेल तर जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ उत्तम, पण तेव्हा आपल्याकडे शाळा भरलेल्या आणि शेतात पेरणी-निंदणी. आम्ही जूनचा पहिला पंधरवडा निवडला. शाळा साधारण पंधरा-सोळा जूनला उघडते, पपईची तोडणी आटोपलेली असते, ऊस गेलेला असतो, आणि भरवशाचा सालदार असला की पाणी द्यायची चिंता राहत नाही. उंच वाटा थोड्या चुकतात, हे खरं. बदल्यात वितळत्या बर्फाच्या पाण्यानं धबधबे ऐन भरात असतात आणि रात्री नऊपर्यंत उजेड मिळतो. कुटुंब घेऊन जाणाऱ्या शिक्षकाला आणि शेतकऱ्याला याहून बरा मुहूर्त नाही, असं माझं मत आहे.

आता व्हिसा. आमच्याकडचे बहुतेक बेत इथेच गळपटतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण 2008 पासून शेंगेन या सामाईक व्हिसाच्या युरोपीय व्यवस्थेत आहे. म्हणजे लागतो तो शेंगेन व्हिसा. त्यावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. शुल्क जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45 युरो, त्याहून लहानांना माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे. किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा हवाच. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू असला पाहिजे, दहा वर्षांच्या आतला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. बोटांचे ठसे द्यायला अर्जदारानं स्वतः जावं लागतं. एकदा दिलेले ठसे 59 महिने चालतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. आम्ही नंदुरबारहून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली आणि काम करून परत फिरलो.

नोकरदाराची फाईल सोपी असते: पगारपत्रकं, रजा मंजुरीचं पत्र, आयकर विवरणपत्रं, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. शेतकऱ्याची फाईल नीट लावावी लागते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आपल्याकडे पुष्कळ जण विवरणपत्रच भरत नाहीत. परदेशी जायचा विचार मनात असेल तर ते भरायची सवय आधीपासून लावा. त्यात शेतीचं उत्पन्न दाखवता येतं. दुसरी गोष्ट, शेतकऱ्याच्या खात्यात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. कारखान्याचं ऊसबिल एकदम येतं, पपईच्या व्यापाऱ्याचे पैसे तोडणीच्या हंगामात लागोपाठ येतात, आणि एरवी खातं शांत. हे कागद तपासणाऱ्याला मोठी रक्कम अचानक जमा झालेली दिसली, तर ती उसनी आणून भरली असावी अशी शंका तो घेणारच. म्हणून मी प्रत्येक मोठ्या जमेसमोर तिची पावती लावली. उसाचं बिल, पपईची पट्टी, सातबारा आणि आठ-अ, या सगळ्यांचं इंग्रजी भाषांतर, आणि वर एका पानाचं पत्र: आमच्याकडे कोणतं पीक केव्हा निघतं आणि पैसे केव्हा येतात. जमीन, पीक आणि शाळेत शिकणारा मुलगा, ही माणूस घरी परतणार याची सर्वांत भक्कम खूण असते. शेतकऱ्यानं व्हिसाच्या बाबतीत स्वतःला कमी लेखायचं कारण नाही.

सासूबाईंच्या कागदांत नावाचा घोळ निघाला. सातबाऱ्यावर नावापुढे 'बाई' लागलेलं, पासपोर्टवर ते नाही. आपल्या गावांत हे घराघरांत असतं. नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. त्यांचा खर्च त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, करणार असल्याचं पत्र आणि दोघांचं नातं दाखवणारा कागदही जोडला. खर्चाच्या बाबतीत स्विस अधिकारी साधारणपणे माणशी दिवसाला 100 फ्रँक धरतात. एका फ्रँकला शंभराहून जास्त रुपये पडतात. विमानाचं न परतणारं तिकीट मात्र व्हिसाआधी काढू नका. अर्जासोबत आरक्षण दाखवलं तरी चालतं.

मुक्कामासाठी आम्ही बर्नीज ओबरलँड हा भाग निवडला. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून बर्नमार्गे इंटरलाकेन अडीच तासांच्या आत येतं. इंटरलाकेन म्हणजे थून आणि ब्रिएन्झ या दोन सरोवरांमधलं गाव. यश चोप्रांचा पुतळा 2016 साली इथेच बसवला. हिंदी सिनेमामुळे या गावाची आपल्याला आधीच ओळख आहे. पण आम्ही राहिलो ते आणखी आत, लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधे सपाट हिरवी पट्टी. गावाच्या अंगावरच स्टाउबाखचा धबधबा जवळजवळ 300 मीटरवरून पडतो आणि वाऱ्यानं त्याचा निम्मा अर्धा तुषार होऊन जातो. या खोऱ्यात 72 धबधबे असल्याचं तिथं सांगतात.

इथे जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनावरून सुटणारी गाडी त्स्वाइल्यूचिनेन या छोट्या स्टेशनात दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. कोणता भाग कुठे जाणार हे फलाटावर आणि डब्यावर लिहिलेलं असतं. ते वाचूनच चढायचं. मुलाला ही दुभंगणारी गाडी इतकी आवडली की रोज डबे सुटताना पाहायला तो खिडकीशी बसायचा. लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळाची गाडी वेंगेन या मोटारी नसलेल्या गावातून 2061 मीटरवरच्या क्लाइने शाइडेगला चढते. रुळांच्या मधोमध दातांची पट्टी आणि इंजिनाखाली तिला धरणारं चाक, म्हणून चढावर गाडी घसरत नाही. आपल्या निलगिरीच्या रेल्वेलाही अशीच दात्यांची पट्टी आहे. ती पद्धत रोमन आब्ट या स्विस इंजिनिअरची, आणि तिची वाफेची इंजिनंही स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधून आली होती.

त्यापुढे युंगफ्राउयोख. 1896 साली खोदायला घेतलेला हा मार्ग 1 ऑगस्ट 1912 रोजी वरपर्यंत सुरू झाला. आयगर आणि म्योंख या पर्वतांच्या पोटातून गाडी 3454 मीटरवर नेते. युरोपातलं हे सर्वांत उंच रेल्वे स्टेशन. आमचं तोरणमाळ साधारण 1150 मीटर, म्हणजे हे जवळजवळ तिप्पट. कळसूबाईसुद्धा 1646 मीटरवर थांबते. युंगफ्राउयोखच्या उंचीवर हवेचा दाब जवळजवळ एक तृतीयांशानं कमी असतो. धाप लागते, डोकं धरतं. म्हणून झुरिकला उतरल्या उतरल्या दुसऱ्या दिवशी वर जाऊ नये. आधी खोऱ्यात चालावं, मग वेंगेन, म्यूरेन या वरच्या गावांपर्यंत जावं, अंगाला उंची सवयीची होऊ द्यावी. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी आम्ही औषधांच्या मूळ नावांनिशी इंग्रजीत लिहून घेतली होती.

तिकीट महाग आहे. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण भाडं उन्हाळ्यात 200 फ्रँकांच्या वर जातं. एवढे पैसे ढग पाहायला घालवू नयेत. यावर उपाय सोपा आणि फुकट आहे: वरच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्र मोबाईलवर दिसतं. पावसाळ्यात तोरणमाळला सीताखाई पाहायला गेलेल्यांना ठाऊक आहे, खाली ऊन असतं आणि वर पोहोचेपर्यंत धुकं दरी भरून टाकतं. तिकडे खाली पाऊस आणि वर लख्ख ऊन असंही होतं. म्हणून शिखराचा दिवस आधी ठरवायचा नाही. रोज सकाळी कॅमेरा बघायचा, आकाश मोकळं दिसलं की पहिल्या गाडीनं निघायचं. एका जागी मुक्काम केल्याचा खरा फायदा हाच. आम्ही वर पोहोचलो तेव्हा आलेच हिमनदी पार वळणापर्यंत दिसत होती. तिची लांबी वीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि आल्प्समधली ती सर्वांत लांब हिमनदी. वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेली हिमनदी पायाखाली पसरलेली पाहताना माझे डोळे भरून आले. सासूबाईंनी मात्र वाकून बर्फ हातात घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "हेच पाणी खाली शेताला जातं ना गं?" जातं. तिचं पाणी ऱ्होन नदीतून थेट भूमध्य समुद्रापर्यंत जातं, आणि ही हिमनदी दरवर्षी आटते आहे. मुलांना दाखवायची असेल तर लवकर दाखवा.

फिरायला मोटार लागत नाही. स्विस ट्रॅव्हल पास 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा मिळतो. त्यात रेल्वे, बस, सरोवरातल्या बोटी, बहुतेक शहरांतल्या ट्राम आणि पाचशेच्या आसपास संग्रहालयं येतात. पासवाल्या आई-वडिलांबरोबर सोळा वर्षांखालची मुलं फॅमिली कार्डावर मोफत. हे कार्ड मागून घ्यावं लागतं, वेगळे पैसे पडत नाहीत. रिगी डोंगराची रेल्वेही पासात आहे. फिट्सनाऊहून वर चढणारी ही 1871 सालची गाडी युरोपातली पहिली पर्वतीय रेल्वे. युंगफ्राउयोखला मात्र वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपुढे फक्त 25 टक्के सवलत मिळते. एकाच भागात राहून मोजकंच फिरणार असाल तर अर्ध्या भाड्याचं हाफ फेअर कार्ड स्वस्त पडू शकतं. दोन्हींचा हिशोब कागदावर मांडून मगच ठरवा.

जेवणाची फार काळजी नको. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. कोप आणि मिग्रोस या दुकानांत तांदूळ, मसूर, भाज्या, दूध, दही सगळं मिळतं. रविवारी स्टेशनांवरची सोडून बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच भरणा करून ठेवा. नळाचं पाणी बिनधास्त प्या. घरून खाकरे, चटण्या, मेतकूट, डाळी न्या. तूप, पेढे, खव्याचं काहीही नेऊ नका, कारण भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे. ताज्या फळांवरही बंदी आहे, त्यातून केळी, अननस, नारळ, खजूर अशी मोजकी सुटली आहेत. म्हणजे आपल्याकडची केळी चालतात, पपई नाही. झुरिकमधलं हिल्टल हे उपाहारगृह 1898 पासून शाकाहारी आहे. तिथे आपल्याकडचेही पदार्थ मिळतात.

खर्च जास्त आहे, हे मी लपवणार नाही. ट्रॅक्टर घ्यायचा की आल्प्स पाहायचा असा प्रश्न असेल तर आधी ट्रॅक्टर घ्या. पण लग्नकार्यात जेवणावळी आणि मंडपावर जो पैसा आपण उधळतो, त्यातला थोडा बाजूला ठेवला तर तीन पिढ्यांना एकत्र हिमनदी पाहता येते, आणि हा खर्च मला रास्त वाटतो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावा लागतो. पुढच्या जूनचा विचार असेल तर डिसेंबरपासून अर्ज करता येईल. पासपोर्ट, विवरणपत्र आणि सातबाराचं भाषांतर त्याआधी तयार ठेवा, आणि यंदाच्या पपईच्या पट्ट्या फेकू नका.