इतिहासाचा नाद – भाग ७ : देव्हाऱ्यातली शिवराई आणि पडद्यावरची फौज

परळच्या भोईवाड्यात राहणाऱ्याला इतिहासाचा नाद लागायला गड चढावा लागत नाही. चालत जाण्याइतक्या अंतरावर बारादेवीचं मंदिर आहे. 1931 साली रस्त्याचं काम चालू असताना सापडलेलं, सहाव्या शतकाच्या आसपासचं अखंड शिवशिल्प तिथे उभं आहे. पलीकडे हाफकिन संस्था आहे. आज ती लशींसाठी ओळखली जाते, पण त्याआधी ती वास्तू मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होती. नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. संस्थेची स्थापना 1898 सालची. दिवाळीत चाळीच्या पटांगणात पोरं मातीचे किल्ले बांधतात, त्याबद्दल मागच्या भागात लिहिलंच आहे.

या भागात दोन छंद एकत्र घेतले आहेत, नाणी जमवणं आणि डावपेचांचे खेळ. वरवर पाहता यांचं काही नातं नाही. एक छंद भिंग घेऊन बसणाऱ्या आजोबांचा, दुसरा रात्री दोनपर्यंत कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या नातवाचा. पण दोघेही एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात: राज्य चालवायला लागणारा पैसा येतो कुठून, आणि लोक तो खरा का मानतात?

सुरुवात देव्हाऱ्यापासून करू. गिरणगावातली कितीतरी घरं मूळची रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्याकडची. त्यांच्या देव्हाऱ्यात कुलदैवताच्या टाकांशेजारी एखादं काळवंडलेलं तांब्याचं नाणं हमखास असतं. ती शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. पण ही अक्षरं सगळीच्या सगळी क्वचितच दिसतात. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे घाव बसेल तेवढाच मजकूर उमटायचा. कुठे ‘राजा’चा ‘रा’ कापलेला, कुठे ‘पति’ची वेलांटी कडेबाहेर गेलेली. ठसे कोरणारे हात अनेक, त्यामुळे अक्षरांची वळणंही वेगवेगळी. निव्वळ या फरकांवर आयुष्य घालवणारे संग्राहक आहेत, आणि त्यांना वेडं ठरवण्याची घाई करू नये.

ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई. घरोघरी सापडणाऱ्या शिवराया बहुतेक याच असतात, आणि त्या पेशवाईतल्या आहेत. ‘आमच्याकडचं नाणं खुद्द महाराजांच्या काळातलं’ असं ऐकत मोठं झालेल्या घरात हे सांगणं जिवावर येतं. पण यात हिरमुसण्यासारखं काय आहे? राज्याभिषेक 1674 सालचा. त्यानंतर पिढ्या उलटल्या, कारभार साताऱ्याहून पुण्याकडे गेला, तरी तांब्याच्या नाण्यावरचं नाव बदललं नाही. बाजारात भाजीच्या मोबदल्यात ज्याच्या नावाचं नाणं पुढे केलं जातं, त्याचं नाव विसरलं जात नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. दिवाळीत देव घासायला काढले की चिंच, राख किंवा पावडर लावून नाणंही लखलखीत केलं जातं. तांब्यावर बसलेला काळपट-तपकिरी थर धातूचं रक्षण करतो. तो काढला की अक्षरांचे कंगोरे जातात आणि जाणकाराच्या लेखी नाण्याची किंमतही जाते. कोमट पाण्यातून काढून मऊ फडक्याने टिपलं की पुरे.

नाणं हातात आलं की आधी वाचायचं नाही, तोलायचं. शिवराई साधारण 11 ते 13 ग्रॅम भरते. वजन काट्यावर कळतं, पण वजनातून इतिहास कसा काढायचा हे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी शिकवलं. माणूस गोव्याचा, पेशाने गणिती, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक. घर पुण्यात आणि नोकरी मुंबईत, म्हणून डेक्कन क्वीनने येजा. 1940 च्या दशकात त्यांनी तक्षशिलेला सापडलेली आहत नाणी, म्हणजे चांदीच्या तुकड्यांवर ठसे मारलेली आपली सर्वांत जुनी नाणी, नेमक्या काट्यावर एकेक करून तोलली. युक्तिवाद साधा होता. नाणं हातोहात फिरतं तसं कणाकणाने झिजतं. जास्त वर्षं फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी भरतं, आणि त्यांच्या आपापसातल्या वजनांत फरक वाढतो. हे खरं आहे का, हे तपासायला त्यांनी त्या काळी चलनात असलेली नाणी वर्षवार लावून तोलली. अंदाज बरोबर ठरला. मग राजाचं नाव नसलेल्या, तारीख नसलेल्या नाण्यांचे गटही कुठला आधीचा, कुठला नंतरचा असे लावता आले. आपल्या नाणेशास्त्रात इतकं सोपं आणि इतकं बुद्धिमान काम दुसरं झालेलं नाही, असं माझं मत आहे.

दुसरं उदाहरण नाशिक जिल्ह्यातलं. 1906 साली जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी तेरा हजारांवर, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला. खाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतोय आणि त्यावरच सातवाहनांचं तीन कमानींचं चिन्ह बसलंय. नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखात गौतमीपुत्राच्या आईने, आपल्या मुलाने नहपानाचा क्षहरात वंश निर्मूल केल्याचं कोरून ठेवलं आहे. आईच्या कौतुकावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न होता, तो या साठ्याने मिटवला. जिंकणाऱ्याने जुनी नाणी वितळवण्याचाही खटाटोप केला नाही. ठसा मारला आणि तोच पैसा बाजारात सोडला.

हा खेळ आपल्या मुंबईतही झाला. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात, 1672 मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने इथे टांकसाळ सुरू केली. चिल्लर म्हणून कथलाची नाणी निघाली. पुढे इंग्लंडचे राजा-राणी विल्यम आणि मेरी यांच्या नावाने रुपये पाडले, तेव्हा बादशाहीच्या हद्दीत परक्या राजाचं नाव कसं चालेल म्हणून औरंगजेबाच्या दरबारात नाराजी उसळली. अखेर 1717 साली फर्रुखसियर बादशहाकडून परवानगी मिळाली आणि मुंबईचे इंग्रज बादशहाच्या नावाने फारसी अक्षरांचे रुपये पाडू लागले. बेट इंग्रजांचं, नाणं दिल्लीचं!

आपण हसावं तर आपलंही तेच. शिवराईवर छत्रपतींचं नाव, पण पेशवाईतला चांदीचा रुपया पाहा. पुण्याचा अंकुशी असो की चांदवडी, त्यावर नाव मोगल बादशहाचं, टांकसाळीची ओळख पटवायला अंकुशासारखी एखादी खूण. दिल्लीच्या तख्तावर कोणाला बसवायचं हे मराठे ठरवत होते त्या काळातही हे चालू होतं. कारण मोठे व्यवहार दूरदूरच्या पेठांत व्हायचे आणि तिथला सराफ ओळखीचंच नाणं बट्टा न लावता घ्यायचा. ही गोष्ट शिवाजी महाराजांच्या दरबाराला नेमकी कळली होती. 1674 मध्ये हेन्री ऑक्झिंडन तह करायला रायगडावर आला, तेव्हा कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत असं एक कलम इंग्रजांनी घातलं होतं. त्यावरचं उत्तर असं होतं, की आम्ही कुठल्याच नाण्याला बंदी करत नाही, पण रयतेने तोटा सोसून ती घ्यावीत अशी सक्तीही करणार नाही. तुमचं नाणं कसाला आणि वजनाला इतरांइतकं उतरलं तर ते आपोआप चालेल. चलन या विषयावर याहून शहाणं वाक्य आजच्या अर्थसंकल्पी भाषणांतही सहज सापडायचं नाही.

आता नातवाच्या पडद्याकडे वळू. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा मध्ययुगीन भाग 1999 मध्ये आला आणि सायबर कॅफेंच्या दिवसांत त्याने एका पिढीच्या संध्याकाळी खाल्ल्या. अन्न, लाकूड, सोनं आणि दगड अशा चार गोष्टी गोळा करायच्या आणि त्यांतून गाव, तटबंदी, घोडदळ उभं करायचं. पहिल्या दहा मिनिटांत शेतकरी वाढवायचे सोडून जो फौज उभारतो तो हरतो. पाठ्यपुस्तकातली लढायांची सनावळी पाठ करणाऱ्या मुलाला हे कळत नाही, खेळणाऱ्याला कळतं. ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा 2009 चा खेळ तर 1700 सालापासून सुरू होतो आणि त्यात मराठे म्हणून खेळता येतं. त्याच 1700 साली राजाराम महाराज वारले आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला, हे खेळ सांगत नाही. ते आपण वाचायचं.

माझी खरी तक्रार मात्र तिजोरीबद्दल आहे. या खेळांत सोनं म्हणजे कोपऱ्यातला एक आकडा. ते सगळीकडे सारखंच चालतं, बट्टा नाही, सराफ नाही, सावकाराचा तगादा नाही. पावसाळाही नाही. चार महिने नद्या उतार देत नाहीत म्हणून दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, ही आपल्या मोहिमांची लय त्यांत कुठेच नाही. पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी 1760 मध्ये दिल्ली घेतली, तेव्हा हाती रोकड नव्हती. लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत काढून वितळवलं आणि त्याचे रुपये पाडले. सुमारे नऊ लाख झाले. एवढ्या फौजेला ते महिनाभराच्या खर्चालाच पुरण्यासारखे होते. हे ज्याने वाचलंय तो पडद्यावर ‘सोनं कमी आहे’ ही सूचना उमटली की जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

पट मांडून खेळायची आवड असेल तर बुद्धिबळाचा आपला जुना प्रकार शोधा. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, आणि प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या ‘विलासमणिमंजरी’ या बुद्धिबळावरच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर 1814 मध्ये मुंबईतच छापलं गेलं. मोगल-पठाण हा सोंगट्यांचा खेळ तर खडूने फरशीवर आखूनही होतो. सोळा-सोळा सोंगट्या, त्याही चिंचोके आणि खडे.

सुरुवात करणाऱ्याने पैसे खर्चू नयेत. खिशातली नाणी घ्या आणि सालाच्या खाली पाहा. पत्त्यांतल्या चौकटसारखा चौकोन असेल तर नाणं फोर्टातल्या आपल्या मुंबई टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. मग एखाद्या सुटीच्या दिवशी फोर्टला जाऊन रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन बघा. विकत घ्यायची वेळ आलीच तर शिवकालीन सोन्याचा होन स्वस्तात देऊ करणाऱ्यापासून लांब राहा. तो होन नकलीच समजा. ओतीव नकलेच्या कडेला बहुधा सांध्याची रेघ दिसते आणि वजन जुळत नाही.

कायदाही माहीत असावा. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांवर असली तरी 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गावाकडे शेत नांगरताना गाडगं लागलं तर नाणी भावंडांत वाटून घेऊ नका. जोगळटेंभीचा साठा असा फुटला असता तर नहपान आणि गौतमीपुत्राचा निकाल अजून लागला नसता. आणि देव्हाऱ्यातल्या शिवराईचा या आठवड्यात दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वजन करा, ती कोणाकडून कोणाकडे आली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून ठेवा.

(पुढील भागात : मोडी लिपी घरी कशी शिकावी)