पहाटे ४:४४ ची कबुली

३० जून २०१७ ला ‘४:४४’ हा अल्बम आला तेव्हा जे-झी ४७ वर्षांचा होता. रॅपमध्ये हे वय हारतुऱ्यांचं, आणि ते त्याला मिळतही होते. त्याच महिन्यात ‘साँगरायटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये गेलेला तो पहिला रॅपर ठरला होता. ब्रुकलिनमधल्या मार्सी या सरकारी वसाहतीतून निघून श्रीमंत झाल्याची गोष्ट तो १९९६ च्या ‘रीझनेबल डाउट’पासून सांगत आला होता, आणि ती नेहमी ऐटीतच सांगत आला होता. आपल्याकडे पुष्कळांना त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो २००३ मध्ये, पंजाबी एमसीच्या ‘मुंडियां तो बच के’च्या रीमिक्समध्ये. तिथेही तो तसाच: बिनधास्त, वरचढ. ‘४:४४’मध्ये हा आवाज खाली उतरला. माझ्या लेखी या अल्बमचं मोल त्यातच आहे, पण तो आला तेव्हा बोलणं झालं ते दुसऱ्याच गोष्टींवर.

आधी गाजले आकडे. अल्बम सुरुवातीला फक्त जे-झीच्याच ‘टायडल’ या ऑनलाइन संगीतसेवेवर आणि स्प्रिंट या मोबाइल कंपनीच्या ग्राहकांना मिळत होता. आठवडाही पुरा झाला नव्हता तोच त्याला प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळालं आणि हा खप खरा की कंपनीने घाऊक भावात घेतलेला, यावरून वाद पेटला. नंतर तो सगळीकडे उपलब्ध झाला आणि बिलबोर्डच्या यादीत पहिला आला. त्याचा हा पहिल्या क्रमांकावर गेलेला चौदावा अल्बम.

मग गाजली ती घरातली भानगड. त्याची पत्नी बियॉन्से हिने २०१६ च्या ‘लेमोनेड’ या अल्बममध्ये नवऱ्याच्या बेइमानीची जखम उघडी केली होती, त्यामुळे ‘४:४४’कडे सगळे नवऱ्याची बाजू म्हणून कान लावून बसले. यात एक अन्याय होता. तिने आधी दुखणं गाऊन दाखवलं, त्याने नंतर चूक मान्य केली, आणि प्रांजळपणाचं कौतुक मात्र त्याच्या वाट्याला भरभरून आलं. हे मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं. तरीसुद्धा शीर्षकगीत ऐकलं की त्याचं खरेपण नाकारता येत नाही.

ते गाणं घडलं कसं, हे सांगायलाच हवं. अख्ख्या अल्बमचं संगीत एकट्या नो आय.डी.चं. शिकागोचा हा जुना, मुरलेला निर्माता, कान्ये वेस्टचा गुरू. जे-झीला स्वतःला आवडणाऱ्या जुन्या गाण्यांतून त्याने तुकडे उचलले आणि एखादं वाद्य वाजवावं तसे ते वाजवले. शीर्षकगीतासाठी त्याने हॅना विल्यम्स या ब्रिटिश गायिकेचं ‘लेट नाइट्स अँड हार्टब्रेक’ घेतलं. जे-झी ज्या विषयाला बगल देत होता, त्या विषयावर त्याला बोलतं करायचं हाच त्यामागचा हेतू होता. पहाटे ४:४४ ला जाग आली आणि आपण ते गाणं लिहिलं, असं जे-झीने नंतर सांगितलं.

ऐकताना काय होतं पाहा. हॅनाचा आवाज फाटेल इतका ताणलेला आहे, आणि त्याच्यावर हा माणूस जवळजवळ बोलतो. यमकं आहेत, पण टाळी वसूल करणारं एकही नाही. एरवी याच्याइतका तालावर हुकूम चालवणारा रॅपर विरळा. इथे त्याची ओळ मध्येच रेंगाळते, पुढचा शब्द उच्चारावा की नाही या विचारात असल्यासारखी. मुलांना एक दिवस हे सगळं कळेल तेव्हा त्यांना काय सांगणार, इथपर्यंत तो येतो, आणि तिथे कुठलीही शेखी चालत नाही.

याहूनही मोठं गाणं मला ‘स्माइल’ वाटतं. त्यात तो आपली आई ग्लोरिया कार्टर समलिंगी असल्याचं सांगतो. चार मुलं पदरात, आयुष्यभर झाकून ठेवलेलं प्रेम, हे तो मोजक्या ओळींत मांडतो, आणि गाण्याच्या शेवटी आई स्वतःच्या आवाजात आपली कविता वाचते. आईने मोकळेपणी सांगितलं तेव्हा आपल्याला आनंदाने रडू आलं, असं त्याने पुढे डेव्हिड लेटरमनच्या मुलाखतीत सांगितलं. समलिंगी माणसांची टिंगल वर्षानुवर्षं सर्रास चालत आलेल्या या संगीतात, सगळ्यात वरच्या पायरीवरच्या रॅपरने आईला असं सन्मानाने पुढे आणणं ही साधी गोष्ट नव्हती.

अल्बममधली पैशांवरची शिकवण मात्र मला तितकी टिकलेली वाटत नाही. ‘द स्टोरी ऑफ ओ.जे.’चं संगीत जबरदस्त आहे. नीना सिमोनच्या ‘फोर विमेन’मधला आवाज, आणि काळा माणूस कितीही श्रीमंत झाला तरी काळाच राहतो हे भेदक सांगणं. पण मग तो ब्रुकलिनच्या डम्बो भागातली इमारत स्वस्तात घ्यायची राहून गेल्याची हळहळ करत बसतो. ज्याच्याकडे महिन्याचं भाडं भरायला पैसे नाहीत, त्याने हा सल्ला घेऊन करायचं काय? त्याच गाण्यात ज्यू लोक आणि मालमत्ता यांबद्दल एक ओळ आहे. तिच्यामुळे जुन्या पूर्वग्रहाला बळ मिळतं, अशी टीका तेव्हा झाली आणि ती रास्तच होती.

ग्रॅमीत त्या वर्षी सर्वाधिक, म्हणजे आठ नामांकनं त्याला होती. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्याच न्यूयॉर्कमध्ये सोहळा झाला आणि तो रिकाम्या हाताने परतला. मुख्य पारितोषिकं ब्रुनो मार्सने नेली, रॅपची केंड्रिक लामारने. केंड्रिकचा ‘डॅम’ थोर अल्बम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आठांतलं एकही नाही, हे परीक्षकांच्या कानांबद्दल जास्त सांगून जातं. त्याच वर्षी बियॉन्सेसोबतचा ‘एव्हरीथिंग इज लव्ह’ आला, आणि त्यात भांडण मिटलेल्या जोडप्याची ऐट परतली होती.

वाट मात्र मोकळी झाली होती. रॅपरने पन्नाशीकडे झुकताना विशीतल्या पोराचं सोंग न करता आपल्या वयाचं बोलावं, आणि लोकांनी ते ऐकावं, हे आता घडू लागलं होतं. २०२१ मध्ये रॅपर नासला ‘किंग्ज डिसीज’ या अल्बमसाठी पहिली ग्रॅमी मिळाली. २०२३ मध्ये अटलांटाच्या किलर माइकने ‘मायकल’ काढला, ‘आर.ए.पी. म्युझिक’नंतर अकरा वर्षांनी आलेला स्वतःचा अल्बम. त्यातलं ‘मदरलेस’ हे गेलेल्या आई-आजीसाठीचं गाणं आहे, आणि अल्बमच्या कार्यकारी निर्मात्यांत नाव आहे नो आय.डी.चं. पुढच्या फेब्रुवारीत, ४८ व्या वर्षी, माइकने त्या अल्बमसाठी तीन ग्रॅमी घेतल्या.