कमरेला दोर, पायांत वेग

मराठीत धावण्याला शब्दांची उणीव नाही. माणूस पळतो, सुसाट सुटतो, धूम ठोकतो, वेळ आलीच तर पायाला पाय लावून पळ काढतो. पण फुटबॉलच्या मैदानावर ज्या धावण्याने सामने जिंकले जातात, त्याला आपल्या भाषेत एकच नेमका शब्द आहे : मुसंडी. डोके खाली, अंग पुढे झुकलेले आणि पाय जमिनीला मागे रेटताहेत. रानडुकराने कुंपणात घुसावे तसे. वर्तमानपत्रांनी हा शब्द इतका झिजवला आहे की हल्ली निवडणुकीतले उमेदवारही मुसंडी मारू लागले आहेत. तरी त्यातले चित्र पुसलेले नाही, आणि या लेखाचा सारा विषय त्या चित्रातच आहे.

उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत तोडले, तेव्हा त्याचा सर्वांत मोठा वेग साठ मीटरच्या पुढे लागला होता. फुटबॉलपटूच्या नशिबी साठ मोकळे मीटर कुठले? तो नव्वद मिनिटांत सुमारे दहा किलोमीटर फिरतो खरा, पण त्यातले बरेचसे चालत किंवा दुडक्या चालीने. जिवाच्या कराराने पळणे थोडेच, आणि तेही बहुधा वीस मीटरच्या आत संपणारे. पण गंमत अशी की, खेळाचा निकाल त्या थोड्यातच लागतो. जर्मनीच्या बुंडेसलीगातील २००७-०८ च्या हंगामाच्या उत्तरार्धातले ३६० गोल अभ्यासकांनी एकेक करून तपासले. त्यांपैकी १६१ गोलांच्या आधी, म्हणजे शंभरात पंचेचाळीस वेळा, गोल करणारा गडी सरळ रेषेत जोराने धावला होता. आणि बहुतेक वेळा चेंडू त्याच्या पायाशी नव्हताच. चेंडू खेळवण्याचे कसब आपण मुलांना शिकवतो. चेंडूपर्यंत पोचण्याचे मात्र देवावर सोडतो.

ते शिकवण्याची एक रीत म्हणजे ओझे ओढत धावणे. धावणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराच्या टोकाला घसरगाडी किंवा मोटारीचे जुने टायर. याने होते काय, तर मागून ओढ असल्यामुळे अंग आपोआप पुढे झुकते आणि पाय जमिनीला खाली आपटण्याऐवजी मागे रेटू लागतो. उभ्या जागेवरून सुटताना पहिल्या आठ-दहा पावलांत नेमके हेच करायचे असते. पूर्ण वेगात आल्यावरची धाव वेगळी. तिथे माणूस ताठ होतो आणि पाऊल जमिनीला जेमतेम शिवते. ती धाव ओझ्याने फारशी सुधारत नाही. म्हणून ही कसरत मुसंडीची आहे, शर्यतीची नव्हे.

हे सारे परदेशातून आले असे वाटून कोणी दिपून जाऊ नये. चिपळुणाहून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे कोल्हापूरला जावे. तिथल्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या हंगामात जे संघ उतरतात, त्यांची नावे पाहावीत : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. फुटबॉलचे संघ, पण नावे कुस्तीच्या घराण्यांची! आणि आखाड्याची तांबडी माती सारखी करताना फळीवर एखाद्या पोराला बसवून ती दोरीने ओढायची, हे तालमीतले जुनेच काम. त्या फळीची आणि आजच्या घसरगाडीची जात एकच. २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपल्या संघाकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.

आता ओझे किती, हा खरा वादाचा मुद्दा. जुना दंडक असा की, ओझ्यामुळे धावणाऱ्याचा वेग दहा टक्क्यांहून जास्त घटू नये. घटला तर धावण्याची ढब बिघडते. हा दंडक मोडणारे काही जण निघाले. फ्रान्सचे जाँ-बेनुआ मोराँ आणि त्यांचे सहकारी यांनी हौशी फुटबॉलपटूंवर केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. दहा जणांनी शरीराच्या वजनाच्या ऐंशी टक्के ओझे घेऊन आठ आठवडे सराव केला, आणि त्यांचा पुढे रेटण्याचा जोर वाढला. पण माणसे थोडी आणि देखरेख कडक, हे विसरू नये. आमच्या मुलांनी जुन्या दंडकाने सुरुवात करावी, असे माझे मत. मी मराठीचा प्राध्यापक. पण ऱ्हस्व-दीर्घ तपासता तपासता घड्याळ धरायला काय हरकत आहे?

आणि घड्याळच धरावे, वजनकाटा नव्हे. कारण तेच टायर कोरड्या तांबड्या मातीवर एक ओढ देते आणि पावसानंतरच्या ओल्या गवतावर दुसरीच. समजा, मुलगा ओझ्याविना वीस मीटर ३.२० सेकंदांत जातो. तर ओझ्यासह त्याला सुमारे ३.५५ सेकंद लागावेत. चार लागले तर ओझे उतरवावे.

आमच्याकडील एका डाव्या बगलेच्या खेळाडूने पहिल्याच दिवशी मालमोटारीची दोन टायरे कमरेला बांधली. पोरगा दमाचा, पण चेंडूवर नेहमी एक पाऊल उशिरा पोचणारा. जिल्ह्याची निवड तोंडावर आलेली. कडेला जमलेल्या मित्रांनी टाळ्या पिटल्या. तो जे करीत होता त्याला धावणे म्हणवत नव्हते. नांगर ओढणे म्हणता आले असते. मी ती सोडवून स्कूटरचे एक टायर बांधले तेव्हा प्रेक्षकांची फार निराशा झाली. त्याचा स्वतःचा चेहराही पडला. त्याला मी एवढेच विचारले, की निवडीच्या दिवशी तुझ्याकडून टायरे ओढवून घेणार आहेत काय?

आठवड्यातून दोन दिवस, एका वेळी सहा ते आठ धावा, प्रत्येक पंधरा-वीस मीटरची. दोन धावांमध्ये दोन-तीन मिनिटे स्वस्थ विसावा. हाच भाग मुलांना सर्वांत जड जातो. घाम निघाला नाही तर व्यायाम झाला नाही, अशी त्यांची समजूत. पण थकलेल्या पायांनी वेग शिकता येत नाही, दमच वाढतो, आणि दम या पोराकडे होताच. शेवटी दोर सोडून दोन-तीन मोकळ्या धावा. मिळकत किती? फार तर दशांश सेकंद. पण त्या वेगाला दशांश सेकंदात माणूस अर्ध्या मीटरहून अधिक पुढे सरकतो. एक पाऊल उशीर म्हणतात तो तेवढाच असतो.

घरोघरच्या आयांची एक भीती असते, की ओझ्याने मुलाची उंची खुंटेल. जाणत्याच्या नजरेखाली, बेताने केलेल्या व्यायामाने उंची खुंटते याला पुरावा नाही. तरी मिसरूड न फुटलेल्या मुलाच्या कमरेला दोर बांधण्याची घाई कशाला? चिपळुणात निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. गोवळकोटाच्या बाजूला किंवा आपल्याच वाडीच्या मागे एखादी सौम्य, वाहनांची वर्दळ नसलेली चढण पाहावी. चढावर अंग तसेच पुढे झुकते, पाय तसाच मागे रेटतो, आणि ओझे म्हणून मुलाचे स्वतःचेच वजन पुरते. पाखाडीच्या पायऱ्या मात्र टाळाव्यात. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते. वर जाताना धावावे आणि उतरताना चालत यावे, हे मुलाला दोनदा सांगावे लागते.